पाहुण्याचा अपवाद

आमच्या विहिरीवर एक जुनं डिझेल इंजिन होतं. घरात त्याला सगळे पीटर म्हणत आणि एखाद्या चिडखोर म्हाताऱ्याची मर्जी सांभाळावी तशी त्याची मर्जी सांभाळत. सकाळी दादा, म्हणजे माझे वडील, हँडल मारायला लागले की आई चुलीपुढून ओरडायची, "आदी शिव्या द्या, मंग फिरवा. उगा दम घालवू नका." दादा शिव्या देत, पीटर दोनदा खोकून चालू होई आणि मग दुपारपर्यंत त्याची फटफट कानात राही. गावात वीज आलेली होती, पण ती आमच्याकडे यायची कमी आणि जायची जास्त. तर या पीटरला मी एकदा अर्थशास्त्राचा प्राध्यापक केलं आणि त्यापायी सात मुलींचं शिक्षण बुडायची वेळ आणली. माझी मुलगी म्हणते, हे सांगताना तुला अजून लाज कशी वाटत नाही. लाजायचं तेवढं तेव्हाच लाजून झालं, आता उरली ती गंमत.

आमची वाडी अवसरी खुर्दपासून चालत जाण्याजोगी. अवसरीला पुढे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज झालं, पण आमच्या वेळी ज्याला त्याला एकच कॉलेज ठाऊक होतं, ते तालुक्याच्या ठिकाणचं, पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेलं. दोन दगडी खोल्या, बाकी पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात शेड तापलं की सर छत्री उघडून शिकवतात अशी एक थाप आम्ही गावभर पिकवली होती. पण त्या कॉलेजचा मोठा गुण असा की तिथली फी आमच्या घरांना झेपायची. नाहीतर आमच्यासारख्या सातजणी एकाच एसटीच्या मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसून बी.ए. करायला निघाल्या असत्या हे कुणी स्वप्नातही पाहिलं नसतं. प्रवेश मिळणं सोपं होतं, टिकणं अवघड. आमच्या आधी गेलेल्या मुली दिवाळीपर्यंत दिसत आणि कांद्याची लागवड सुरू झाली की एकेक करून गायब होत. कुणी त्यांना काढून टाकत नसे. त्यांची हजेरी भरत नसे, मग परीक्षेचा फॉर्म भरू देत नसत, मग लग्न ठरत असे.

आमच्या सातजणींत चांगुणा माझी सगळ्यात जवळची. तिच्या घरी मेंढरं होती. आजा-पणजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे, आता बापानं थोडी शेतीही धरली होती. बापाला आम्ही बिरूतात्या म्हणायचो. उंच, लाल पागोटं, बोलणं मोजकं. चांगुणा त्यांच्या घरातली दहावीपुढची पहिली मुलगी. तिला कॉलेजला पाठवताना बिरूतात्यांनी भर ओट्यावर अट घातली होती. "जा. शीक. पर कालेजातनं यक जरी कागद घरी आला, का त्याच दिवशी समदं बंद. मला वाचाया येत न्हाई, तवा कागदात काय लिव्हलंय ते मी इचारनार न्हाई. कागद आला म्हंजी आला." चांगुणानं मान हलवली. तो माणूस शब्दाचा इतका पक्का होता की आम्ही बाकीच्या सहाजणींनीही नकळत मान हलवली होती.

लागवड सुरू झाली तेव्हा आमच्यावरही तीच वेळ आली. घरोघरी माणूस कमी, रोपं तयार. मग आम्ही सावड धरली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात, उद्या माझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. प्रत्येकीनं एकेक वाफा धरायचा, चिखलात उकिडवं बसून रोपं टोचत पुढं सरकायचं. आणि एक रीत कुणी मोडायची नाही. एकीचा वाफा मागे ठेवून बाकीच्यांनी भाकरीला बांधावर जायचं नाही. जिचा आधी संपेल तिनं मागे राहिलेलीच्या वाफ्यात समोरून लावत यायचं, आणि मग सगळ्यांनी एकदम उठायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, चालायला कुणी शिकवतं का?

तर आमच्यात मंगल नावाची एक मुलगी होती, हिशेबी डोक्याची. ती म्हणाली, "रानाची सावड हाय, मंग कालेजाची का नको? रोज यकीनं जायचं. सगळ्यांची हजेरी लावायची, सर काय शिकवत्यात ते नीट ऐकायचं, आन दुसऱ्या दिवशी लावता लावता सगळ्यांना शिकवायचं." आम्हाला हे इतकं न्याय्य वाटलं की यात काही लबाडी आहे हे सुचलंसुद्धा नाही. आता शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मी पोरांच्या हजेरीवर खडूस नजर ठेवते, तेव्हा मला माझंच हसू येतं.

अर्थशास्त्राला निमकर सर होते. पुण्याचे, तरुण, काडीसारखे, खांद्याला शबनम. रोज पुण्याहून एसटीनं येत आणि आल्यावर पाच मिनिटं नुसते धूळ झटकत. हजेरी घेताना ते मस्टरातून मान वर काढत नसत, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. माझी पाळी असली की मी मंगलच्या नंबराला जाड आवाजात हजेरी द्यायची, चांगुणाच्या नंबराला नाकातून, आणि तेवीस नंबरला, म्हणजे सुलभाच्या, पदरात खोकून. वर्गातली मुलं माना खाली घालून हसायची, पण कुणी चहाडी केली नाही. त्यांचेही खाडे होतेच.

दुसऱ्या दिवशी रानात वर्ग भरे. पायाखाली गार चिखल, हातात रोपांची जुडी, तिकडे पीटरची फटफट. जिची पाळी झालेली असे ती मोठ्यानं सांगे, बाकीच्या रोपं टोचत पाठ म्हणत. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, सगळं वाफ्यावाफ्यातून गेलं. सांगताना कुणी अडखळली की बाकीच्या तिला सोडत नसत. "म्हंजी काय? परत सांग. आमाला न्हाई कळलं." वर्गात सरांना असं विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. माझी आई बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडायची आणि मधूनच विचारायची, "पर भाव वाढला तर मानूस कमी घेतो हे सांगाया यवढं पुस्तक कशाला लागतं गं?"

आणि इथे मी माती खाल्ली. चंपाषष्ठीची यात्रा होती, शेजारच्या गावात बैलगाड्यांच्या शर्यती होत्या, आणि माझ्या मामाचा बैल पळणार होता. कॉलेजला जायची पाळी माझी. एसटी फाट्यावर आली, मी चढले, आणि कॉलेजच्या थांब्यावर उतरायच्या ऐवजी पुढं जाऊन यात्रेत उतरले. काय सांगू! घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, भंडारा उडतोय, कर्ण्यातून तो पुकारणारा ओरडतोय, "भिर्रर्र... झाली झाली झाली!" बायका एका बाजूला झाडाखाली बसल्या होत्या, त्यांच्यात मी पदर डोक्यावरून घेऊन घुसले. मामाचा बैल शर्यत सोडून भलतीकडे पळाला, पण मजा आली. गोडीशेव खाल्ली. परतीच्या एसटीत आमच्या वर्गातला शिनोलीचा एक मुलगा भेटला. त्याला विचारलं, आज काय शिकवलं? तो म्हणाला, मागणीच्या नियमाचे अपवाद. भाव वाढला तरी मागणी कमी होत नाही अशा तीन गोष्टी. प्रतिष्ठेच्या वस्तू, हलक्या प्रतीच्या वस्तू, आणि पुढे टंचाई येणार अशी भीती. एवढं सांगेपर्यंत माझा फाटा आला.

दुसऱ्या दिवशी रविवार, कॉलेज बंद, म्हणून सातहीजणी रानात होतो. ते तीन अपवाद मी वाफा निम्मा व्हायच्या आत सांगून संपवले. मंगलनं मान वर केली. "बास? तासभर सरांनी यवढंच शिकवलं?" सहाजणी माझ्याकडे बघू लागल्या. शर्यतीचं सांगितलं असतं तर माझी सावडीतून हकालपट्टी ठरलेली. दुसरीनं तिच्या पाळीला माझ्यासाठीही तास ऐकायचा, आणि माझ्या पाळीला मी यात्रा बघायची, हे कोण सहन करील? समोर आई जुड्या सोडत बसली होती. आदल्या महिन्यात अचानक पाहुणे आले तेव्हा, महाग म्हणून कित्येक दिवस न आणलेलं सुकं खोबरं तिनं भाव न विचारता आणलं होतं, ते मला आठवलं. मी म्हणाले, "चौथा हाय ना. पाहुण्याचा अपवाद. घरी पाहुणा आला की वस्तू कितीबी महाग होऊ दे, मागणी कमी होत नाही, उलट वाढते." "हे कोण म्हनलं?" मंगल म्हणाली. सर प्रत्येक सिद्धांताबरोबर कुणा ना कुणा विद्वानाचं नाव सांगत, त्यामुळे तिचं विचारणं रास्त होतं. विहिरीवरून आवाज येत होता. मी म्हणाले, "प्रा. पीटर." सहाजणींनी ते तीनदा घोकलं.

संक्रांतीनंतर चाचणी झाली. अपवाद लिहा, हाच प्रश्न आला. मलाही दुसरं काही सुचलं नाही, आणि सगळ्या लिहिणार हे माहीत होतं, म्हणून मीही चौथा अपवाद लिहून आले. चार दिवसांनी निमकर सरांनी आम्हा सातजणींना वर्गासमोर उभं केलं. "हे प्राध्यापक पीटर कोण? सात पेपर, सात जणी, तोच चौथा अपवाद, तोच पीटर. मी चार पुस्तकं शोधली. कुणावरून कुणी कॉपी केली?" आम्ही दोन वेगळ्या खोल्यांत बसलो होतो, पण ते ऐकायला प्राचार्य तयार नव्हते. कॉपी म्हणजे वार्षिक परीक्षेचा फॉर्म नाही, आणि घरी पत्र. पत्रं सोमवारी निघणार होती. मी चांगुणाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं फक्त वेणीचं टोक हातात धरून ठेवलं होतं, आणि एसटीत फाटा येईपर्यंत ते सोडलं नाही.

त्या रात्री मी मनात हिशेब मांडला. माझ्या घरी पत्र आलं असतं तर दादांनी चार दिवस तोंड फिरवलं असतं आणि पाचव्या दिवशी विसरले असते. चांगुणाचं मात्र संपलं असतं, आणि तेही एका पळपुट्या बैलापायी. शनिवारी मी एकटीच कॉलेजात गेले आणि सरांना गाठून सगळं सांगितलं. सावड, हजेरी, खोकला, यात्रा, पीटर. सर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "तेवीस नंबरला आठवड्यातून एकदाच सर्दी कशी होते हा प्रश्न मला पडला होताच. पण चिखलात बसून तुम्ही सगळा अभ्यासक्रम एकमेकींना शिकवलात, हे मी खरं मानू?" मी म्हणाले, "उद्या माझ्या रानात लागवड हाय. या बघायला." बोलून गेले आणि जीभ चावली.

रविवारी सकाळच्या एसटीनं सर खरंच आले. शबनम घेऊन, पायात बूट. मागाहून कळलं, प्राचार्यांनी सातही पत्रं त्यांच्याजवळच दिली होती, गावात जाताच आहात तर हातानं द्या म्हणून. आईनं त्यांना पाहिलं आणि हातातली जुडी टाकून ती घराकडे पळाली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "मासवडी करते. खोबरं संपलंय, दुकानात जाते आदी." दादांनी सरांना बांधावर बसवायला घोंगडी टाकली, पण सर म्हणाले, "नको, मीही सावडीला आलोय." बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते एका वाफ्यात उतरले. आता हसायला काय झालं हे विचारू नका! त्यांनी पहिली दहा रोपं पात खाली आणि मुळं वर अशी लावली. मंगल गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सर, उलटी परीक्षा देताय का?" त्यांनी मुकाट्यानं उपटून पुन्हा लावली.

मग लावता लावता सरांनी आमची परीक्षा घेतली. एकीला इतिहास, दुसरीला मराठीतली कविता, तिसरीला उत्पादनाचे घटक. जी चुकली तिला दुसरीनं वाफ्यातूनच दुरुस्त केलं. सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. शेवटी त्यांनी चांगुणाला विचारलं, "मागणीच्या नियमाचे अपवाद?" चांगुणानं हात न थांबवता तीन सांगितले. नीट, उदाहरणांसकट. आणि पुढचं रोप टोचलं.

"आणि चौथा?" सरांनी विचारलं.

"चौथा न्हाई, सर."

सगळ्यांचे हात थांबले. "नाही म्हणजे?" सर म्हणाले.

"पेपराच्या आदल्या दिवशी माझी पाळी व्हती. मी लायब्ररीत पुस्तक काढून पाहिलं. तीनच हायेत. पीटर कुणी न्हाई, ह्यांच्या हिरीवरचं इंजान हाय ते."

"मग पेपरात का लिहिलास?"

चांगुणानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. म्हणाली, "सांगितलं असतं तर सगळ्या हिच्यावर तुटून पडल्या असत्या, सावडीतनं काढली असती. आन यकटीनं बरुबर लिव्हलं असतं तर ह्यांचं समद्यांचं चुकलं आसं दिसलं असतं. मला वाटलं, साती जणींनी लिव्हलंय म्हनल्यावर सर म्हनत्याल, आसंल कुठल्या तरी पुस्तकात." मग ती पुढं म्हणाली, "हिचा वाफा मागं ठिवून आमी कसं उठायचं, सर?"

मी तोंड चिखलाकडे केलं. मला रडू आलं हे मी कबूल करते. तिला माहीत होतं. तिचं सगळं शिक्षण त्या एका कागदावर अडकलेलं असताना, तिनं माहीत असून माझं खोटं आपल्या अक्षरात लिहिलं होतं. सरांनी मान खाली घालून आपला वाफा लावायला घेतला. तो सगळ्यात मागे होता. चांगुणाचा संपला तशी ती उठली आणि सरांच्या वाफ्यात समोरून लावत आली. मग मंगल गेली, सुलभा गेली, मी गेले. आम्ही सगळ्या सरांबरोबर एकदम उठलो.

जेवायला घराच्या ओट्यावर बसलो. मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरून केलेल्या वड्या, वर झणझणीत रस्सा. आमच्याकडे पाहुण्याला ती नाही केली तर पाहुणा येऊन गेला असं धरत नाहीत. आईनं सरांच्या ताटात वाढताना हात राखला नाही. सर रस्सा पिऊन घामाघूम झाले. म्हणाले, "मावशी, खोबरं बरंच महाग झालंय ना?" आई म्हणाली, "व्हय की, लई. पर तुमी आला नव्हं? आज कोण भाव इचारतंय." सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं तांब्यात तोंड घातलं.

तेवढ्यात बिरूतात्या आले. शेजारच्या मोकळ्या रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसवलेली होती. ओट्याशी थांबून म्हणाले, "पावणं कोन?" दादा म्हणाले, "पोरींचं कालेजातलं सर." बिरूतात्यांचा चेहरा बदलला. ते चांगुणाकडे न बघता सरांकडे बघत म्हणाले, "मास्तर रानात आलं म्हंजी काय तरी झालंया. कागद आणलाय का?"

मंगलच्या हातातला घास तसाच राहिला. सरांनी हात धुतले. शबनममध्ये हात घातला आणि म्हणाले, "आणलाय." त्यांनी टाईप केलेली, शिक्का मारलेली सात पत्रं बाहेर काढली. चांगुणानं डोळे मिटले. सर आईकडे वळले. "मावशी, तुमची मासवडी माझ्या आईला नेतो. ती म्हणते पुण्यात असली मिळत नाही. कशात बांधाल? यात बांधा."

आईला वाचता येत नव्हतं. तिनं एकावर एक सात कागद ठेवले, वर मासवड्या मांडल्या, रस्सा वेगळा दिला आणि पुडी दोऱ्यानं बांधली. तेल वरपासून खालच्या पत्रापर्यंत उतरलं. बिरूतात्या ते बघत होते. म्हणाले, "यवढा चांगला कागद, मास्तर?" सर म्हणाले, "कॉलेजात ढीग पडलाय, तात्या. तुमची मुलगी हुशार आहे, एवढंच सांगायला आलो होतो." बिरूतात्या खाली बसले आणि म्हणाले, "मंग मलाबी वाढा."

सर प्राचार्यांना काय म्हणाले, कोण जाणे. आमची चाचणी पुन्हा घेतली, सातजणींना सात कोपऱ्यांत बसवून. खोट्या हजेरीची शिक्षा म्हणून प्रत्येकीला महिनाभर, मागे पडलेल्या मुलांना सरांनी पाहिलेल्या पद्धतीनं शिकवायला लावलं. सरांनी आमच्या रानात दिलेल्या सावडीच्या दिवसाची ती परतफेड आहे, असं त्यांनी बजावलं. पुढल्या वर्षी त्यांनी भांडून लागवडीच्या दिवसांपुरते सगळे तास सकाळच्या पहिल्या एसटीला जुळवून घेतले, म्हणजे दहा-अकराला मुली रानात. त्या वर्षी कांद्यानं कुणाला गिळलं नाही. सगळ्या कॉलेजात ठिकठिकाणी झाडांखाली घोळके बसलेले असत, आणि त्यांना सगळे सावड असंच म्हणत. पहिल्या चाचणीतल्या माझ्या चौथ्या अपवादाला मात्र सरांनी लाल शाईनं ठळक शून्य दिलं होतं. तो पेपर मी अजून ठेवला आहे.

आम्ही सातहीजणी बी.ए. झालो. बिरूतात्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिका उलटी धरून बराच वेळ बघत होते, आणि चांगुणानं ती सुलटी करून दिली नाही. आज ती दुसऱ्या तालुक्यात अर्थशास्त्र शिकवते. मी तिच्याकडे गेले की ती मला बसू देत नाही, चहा करीत नाही, तडक चुलीवर मासवडीची कढई ठेवते. सुकं खोबरं आता तेव्हापेक्षाही महाग झालंय. खोबरं कितीला आणलंस, असं मी दरवेळी मुद्दाम विचारते. तिनं मला ते आजवर कधीच सांगितलेलं नाही.